पॅकेज रेपो चालवायचाय? आधी मोटरचं लाईट बिल कोण भरणार ते ठरवा

आमच्या कोल्हापूरकडं पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, कुठल्याबी नदीच्या काठानं गाडी घेऊन जावा, थोड्या थोड्या अंतरावर जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, दिसतंय. शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या पाणी संस्था. नदी काय कुणाच्या बापाची नाही, पण पाणी वर चढवायला मोटर लागते, मोटरला वीज लागते, आणि रात्री दोनला लाईट आली की अंथरुणातनं उठून स्टार्टर दाबणारा एक माणूस लागतो. त्या माणसाचा पगार थकला की दोन दिवसात सगळ्या गावाला कळतंय पाणी फुकट नसतंय ते.

पॅकेज रेपो, म्हणजे तयार सॉफ्टवेअरच्या फायली जिथनं सगळे उतरवून घेतात ते कोठार, त्याचं सेम टू सेम हेच आहे. कोड ओपन सोर्स, लिहिणाऱ्यानं फुकट दिला, मान्य. पण तुम्ही पिप इन्स्टॉल मारलं, एनपीएम मारलं, एपीटी मारलं, म्हणजे पायथन, जावास्क्रिप्ट किंवा लिनक्सचं सॉफ्टवेअर मागवायची कमांड दिली, की ती फाईल कुठल्या तरी सर्व्हरवरनं येते, तिची सही कुणीतरी केलेली असते, त्यात कुणी घाण मिसळली नाही ना हे कुणीतरी बघत असतं. आम्ही पाच-सहा जण मिळून असाच एक छोटा एपीटी रेपो चालवतोय, मराठी फॉन्ट, कीबोर्ड लेआउट, शाळांच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर चालतील अशी चार सॉफ्टवेअर, आणि उद्यमनगरातल्या वर्कशॉपवाल्यांना लागणारी बारकी टूल्स. लई मोठं काय नाही. पण दोनदा बंद पडता पडता वाचलाय, त्यामुळं काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे जास्त माहितीय, तेच लिहितोय.

पहिलं काम: बिल कागदावर मांडा

बहुतेक ग्रुपमधी होतं काय, सर्व्हर एकाच्या क्रेडिट कार्डवर, डोमेन दुसऱ्याच्या नावावर, आणि दोघंबी म्हणणार "असू दे रे, किती जातंय". ही सगळ्यात घातक गोष्ट. कारण जोवर आकडा दिसत नाही तोवर पैसे मागायला तोंड उघडत नाही, आणि ज्याचं कार्ड आहे तो एक दिवस लग्न करतो, पुण्याला जातो, कार्ड एक्स्पायर होतं, आणि संपलं.

एक शीट काढा. सर्व्हर, स्टोरेज, बाहेर जाणारा डेटा, डोमेन, बॅकअप, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणसांचे तास. आम्ही दोन महिने वहीत तास लिहिले, पॅकेज तपासायला किती, मेलला उत्तरं द्यायला किती, रात्री अलर्ट आला म्हणून उठलो ते किती. निघाले महिन्याला चाळीसच्या आसपास तास, आणि सर्व्हरचं बिल अठराशे रुपये. म्हणजे आम्ही इतके दिवस अठराशे रुपयांसाठी रडत होतो आणि चाळीस तास कुणी हिशेबातच धरले नव्हते. तासाचा दर अगदी कमी धरला तरी माणसाचा खर्च सर्व्हरच्या कितीतरी पट निघतो. तुमचाबी असाच निघणार, काढून बघा.

आणि जे फुकट मिळतंय तेबी शीटमधी लिहा, त्याची बाजारातली किंमत घालून. का, तर निक्सचं उदाहरण बघा. निक्सओएस म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, त्याच्या पॅकेजचा सगळा साठा अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या भाड्याच्या साठवणुकीवर, आणि त्याचं बिल एक कंपनी वर्षानुवर्षं भरत होती. २०२३ च्या जूनमधी निक्सच्या फाउंडेशनला जाहीर करायला लागलं की ती मदत महिनाभरात थांबणार आणि खर्च आहे महिन्याला साधारण ९ हजार युरो. पळापळ झाली, लोकांनी पैसे दिले, मार्ग निघाला. पण दुसऱ्याच्या विहिरीवर मोटर बसवली असेल तर विहीरवाला कधी नाही म्हणेल तेव्हा काय, हे आधीच लिहून ठेवलेलं बरं. पायपीआयला म्हणजे पायथनच्या रेपोला आणि डेबियन या लिनक्सलाबी फास्टली कंपनी सीडीएन, म्हणजे जगभर जवळच्या सर्व्हरवरनं फाईल पोचवायची सोय, फुकट देते, मोठ्यांचंबी असंच चाललंय, आपण काय चीज आहे.

मग बघा पाणी कोण उपसतंय

पैसे मागायच्या आधी लॉग, म्हणजे कुणी काय मागितलं ती सर्व्हरची नोंदवही, वाचा. हे कुणी करत नाही. गोअ‍ॅक्सेससारखं टूल लावा, ते जमत नसलं तर साधं आयपीप्रमाणं, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याप्रमाणं, मोजून उतरत्या क्रमानं लावा आणि वरच्या वीस ओळी बघा.

आम्ही बघितलं तेव्हा हसावं का रडावं कळेना. शाळा, कॉलेज, घरचे लोक सगळे मिळून एका बाजूला, आणि एकाच ऑफिसचा आयपी दुसऱ्या बाजूला, त्याचं पारडं जड. दर काही मिनिटांनी तीच तीच फॉन्टची पॅकेजं. त्यांचं बिल्ड मशीन, म्हणजे सॉफ्टवेअर बांधणारं मशीन, प्रत्येक वेळी नवीन कंटेनर (कोरं तात्पुरतं मशीन) उघडून सगळं पहिल्यापासनं डाउनलोड करत होतं, कॅश (एकदा आणलेली फाईल जवळ जपून ठेवणं) नाही काय नाही, रविवारीसुद्धा. मुद्दाम नव्हतं ते, त्यांना पत्ताच नव्हता. शेताला पाणी लावून पाहुण्याकडं जेवायला गेल्यावर बांध फुटतो तसं.

आणि हे फक्त आमच्यासारख्या बारक्यांचं नाही. जावा भाषेचा रेपो मेव्हन सेंट्रल चालवणारी सोनाटाइप कंपनी हेच सांगत आलीय की अगदी मूठभर आयपी बहुतेक ट्रॅफिक ओढतात. २०२५ च्या सप्टेंबरात पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन, रस्ट फाउंडेशन, एक्लिप्स, सोनाटाइप, पॅकेजिस्ट वगैरे मंडळींनी एकत्र येऊन एक जाहीर पत्रच काढलं, की बाबांनो ही पायाभूत गोष्ट फुकट चालत नाही, आणि जे व्यापारी पातळीवर वापरतात त्यांनी वापराच्या प्रमाणात वाटा उचलावा. पाणी संस्थेत एकरावर पट्टी लागते, घरटी सारखी लागत नाही, तसंच.

आता गळती आधी बंद करायची, पैसे नंतर. पॅकेजची फाईल एकदा चढवली की बदलत नाही, तिला वर्षभराचा कॅश हेडर द्या, म्हणजे वर्षभर जवळचीच कॉपी वापरा असा निरोप. पॅकेजच्या यादीची फाईल सारखी बदलते, तिला पाच-दहा मिनिटांचा पुरे. पुढं सीडीएन लावा. क्लाऊडवर ठेवत असाल तर साठवणुकीचा दर बघून भुलू नका, डेटा बाहेर काढायचा दर बघा, मारतो तो तिथंच, आणि आर-टूसारखे ज्यात बाहेर काढायचे पैसे नाहीत असे पर्यायबी आहेत. रोज रात्री बनणारी नाईटली बिल्डं दोन आठवड्यांनी उडवा, पण रिलीज झालेलं व्हर्जन कधी उडवू नका, कुणाचं तरी त्यावर अडलेलं असतं. जो अतिच ओढतोय त्याला सर्व्हरनं चारशे एकोणतीसचं उत्तर द्यायचं, म्हणजे जरा दम खा. त्या उत्तरात कॅश कशी लावायची त्या पानाची लिंक द्या, आमच्याकडं निम्मे लोक तेवढ्यावरच सुधारले. एपीटीला एपीटी-कॅशर-एनजी, एनपीएमला व्हर्दाचो, पायथनला डेव्हपीआय, असली टूल्स ऑफिसात एका कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर चालतात.

मिरर, म्हणजे सगळ्या रेपोची दुसऱ्याच्या सर्व्हरवरची कॉपी, हा जुना आणि भारी उपाय. पर्ल भाषेचा रेपो सीपॅन १९९५ ला सुरू झाला आणि जगभरच्या मिररवर पसरला, बराचसा युनिव्हर्सिट्यांच्या जोरावर. तुमच्या गावातल्या इंजिनीअरिंग कॉलेजकडं चांगली लाईन असते आणि रात्री ती मोकळी पडलेली असते. तिथल्या लॅबच्या सरांना भेटा, एका डिस्कची जागा मागा, आरसिंक या कॉपी करायच्या टूलनं रात्री कॉपी. यादीवर तुमच्या गुप्त किल्लीची डिजिटल सही असली की मिररवाल्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायची गरज उरत नाही, कुणी मधी हात मारला तर एपीटी स्वतःच बोंब मारतं.

पैसे: देणगी नको, पट्टी मागा

आम्ही आधी क्यूआर कोड लावला. पहिल्या महिन्यात चार हजार आले, ग्रुपवर फटाके. दुसऱ्या महिन्यात नऊशे. सहाव्या महिन्यात एकशे एक रुपये, तेबी आमच्यातल्याच एकाच्या आईनं पाठवलेले. गणपतीची वर्गणी वर्षातनं एकदा, दारात ढोल वाजवून मागितली म्हणून मिळते, दर महिन्याला मिळत नाही.

मोठ्यांचंबी वेगळं नाही हो. २०१४ ला हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं तेव्हा कळलं की अर्ध्या जगाचे व्यवहार ज्या ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतात त्याला वर्षाला देणग्या मिळत होत्या साधारण २ हजार डॉलर. वापरणारे कोण, तर बँका.

तर कंपनीकडं देणगी मागू नका. का, ते अकाउंट्सवाल्या माणसाच्या खुर्चीत बसून बघा. देणगी म्हटलं की त्याला डायरेक्टरची सही लागते, पावती लागते, कुठल्या खात्यात टाकू हा प्रश्न. पण बिल म्हटलं की तो रोजच भरतो. "रेपो सपोर्ट, वार्षिक" असं एका ओळीचं बिल, पॅन नंबर, बँक डिटेल, पीओ (खरेदीची ऑर्डर) पाहिजे तर पीओ, टीडीएस कापून उरलेले जमा. आमच्या त्या कॅश नसलेल्या ऑफिसकडं आम्ही आधी आलेख घेऊन गेलो, त्यांच्या आयपीचा, रंगवून. भांडण नाही. म्हटलं हे बंद कसं करायचं ते आम्ही फुकट सांगतो, आणि पुढं वर्षाला एवढं द्या, त्यात तुम्हाला लागणारं जुनं व्हर्जन आम्ही जपतो आणि काय अडलं तर एका दिवसात उत्तर देतो. चहा संपायच्या आत हो म्हणाले. दोन वर्षं देणगीच्या मेलला साधं उत्तर नव्हतं त्यांचं.

काय विकायचं आणि काय नाही, ही रेघ मात्र पहिल्या दिवशी मारा. सपोर्ट विका, जुन्या व्हर्जनची देखभाल विका, ऑफिसात मिरर बसवून द्यायचं काम विका, ट्रेनिंग विका. पायपीआयनं २०२३ च्या एप्रिलमधी ऑर्गनायझेशन खाती काढली, कम्युनिटी प्रोजेक्टांना फुकट, कंपन्यांना पैसे, ही कल्पना उचलण्यासारखी आहे. पण डाउनलोडला पैसे लावू नका, शोधात वरचा नंबर विकू नका, आणि "पैसे द्या, पॅकेज लवकर तपासतो" हे तर मरेस्तोवर नाही. एकदा का तपासणी पैशावर गेली की रेपोची सही म्हणजे कागदावरचा शिक्का.

ग्रँटबद्दल. मिळते, प्रयत्न करा. आपल्याकडं झिरोधानं २०२४ च्या ऑक्टोबरात फ्लॉस फंड काढला, वर्षाला १० लाख डॉलर, अर्जाला तुमच्या प्रोजेक्टमधी एक फंडिंगची जेसन फाईल ठेवायला लागते ज्यात किती पाहिजे, कशाला पाहिजे ते लिहायचं. ती फाईल अर्ज करणार नसला तरी बनवा, मघाशी केलेलं शीट तिथं आयतं कामाला येतं. फॉस युनायटेडबी छोट्या कामांना मदत करतं. बाहेर जर्मनीचा सॉव्हरिन टेक फंड आहे, अल्फा-ओमेगा आहे. पण ग्रँटवर रोजचा खर्च टाकायचा नाही. पायपीआयचं जुनं सॉफ्टवेअर टाकून नवं २०१८ ला आलं, त्याला मोझिलाची १ लाख ७० हजार डॉलरची ग्रँट होती, म्हणजे एक ठरलेलं काम, सुरुवात आणि शेवट असलेलं. ग्रँटमधनं जॅकवेल बांधा, लाईट बिल पट्टीतनंच भरा. ग्रँटवर पगार चालू केला आणि ग्रँट संपली की त्या पोराला काय तोंड दाखवणार.

पैसे ठेवायचे कुठं

तुमच्या सेव्हिंग खात्यात नाही. एवढं जरी पाळलं तरी निम्मी भांडणं टळली.

तीन वाटा. एक, दुसऱ्या संस्थेच्या छत्रीखाली जायचं, म्हणजे पैसे त्यांच्याकडं जमा, ते थोडा टक्का कापून घेणार, हिशेब-ऑडिट त्यांचं. सुरुवातीला हेच बरं. ओपन कलेक्टिव्हवर असं चालतं आणि तिथं प्रत्येक रुपया सगळ्यांना दिसतो. पण छत्रीबी उडते, ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन नावाच्या तिथल्या एका मोठ्या यजमान संस्थेनं २०२४ च्या सुरुवातीला सांगितलं की आम्ही बंद करतोय, आणि शेकडो ग्रुपना नवीन घर शोधायला लागलं. दोन, संस्था नोंदवायची. आपल्याकडं १८६० च्या सोसायटी कायद्याखाली सात जण लागतात आणि महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडं ट्रस्ट म्हणूनबी नोंद होते. तीन, सेक्शन आठची कंपनी, दोन डायरेक्टर पुरतात, कंपन्यांना ती जास्त ओळखीची वाटते, पण दरवर्षीच्या फायलिंगचा खर्च बघून मग उडी मारा. आमच्या बजेटला ते झेपलं नाही, आम्ही पहिल्या वाटेवरच आहोत.

परदेशातनं देणगी घ्यायची असेल तर एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंद किंवा आधी परवानगी लागते, नोंदीसाठी साधारण तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत १५ लाख खर्च दाखवायला लागतो. बारक्या ग्रुपला हे जवळपास अशक्यच. परदेशी कंपनीला कामाचं बिल देणं हे देणगीपेक्षा वेगळं प्रकरण आहे, पण तिथं स्वतःचं डोकं लावू नका, सीएला आधी हजार रुपये द्या, नंतरचे लाख वाचतील.

माणूस

सगळ्यात आधी पैसे इथं गेले पाहिजेत आणि सगळ्यात शेवटी जातात. २०२३ च्या मे महिन्यात पायपीआयला नवीन नोंदणी तात्पुरती बंद ठेवायला लागली होती. सर्व्हर पडला नव्हता. घाणेरडी पॅकेजं चढवणाऱ्यांचा लोंढा आला होता आणि बघणारी माणसं कमी, त्यातली काही रजेवर. जगातल्या सगळ्यात मोठ्या रेपोंपैकी एक, आणि अडलं कशाला तर माणसाला.

एक्सझेड या फाईल आवळून बारीक करणाऱ्या सॉफ्टवेअरचं तर सगळ्यांना माहिती असेल. थकलेला एकटा मेंटेनर, म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणारा, त्याला मदत करतो म्हणत एकानं दोन-अडीच वर्षं विश्वास कमावला आणि मग आत मागचा दरवाजा ठेवला. २०२४ च्या मार्चमधी सापडला तो एसएसएच लॉगिनला, म्हणजे लांबनं मशीनमधी शिरताना, अर्धा सेकंद उशीर का होतोय म्हणून एका इंजिनीअरनं खोदलं तेव्हा. आपल्याकडं एकच जण राबत असेल आणि कुणीतरी अनोळखी लई प्रेमानं हात द्यायला आला तर आनंद माना, पण किल्ली लगेच हातात देऊ नका.

आम्ही काय करतो, दर आठवड्याला एक जण पाळीवर. अलर्ट त्यालाच, बाकीच्यांनी फोन बंद ठेवून झोपायचं. पाळीवाल्याला आठवड्याचं मानधन, लहानच, पण मिळतं. पैसे मिळायला लागल्यावर "वेळ मिळाला तर बघतो" हे वाक्य गायब झालं, हा मला स्वतःलाच धक्का होता, कारण मीच पैसे द्यायच्या विरोधात होतो. तालमीत वस्तादाला खुराक देतात तेव्हा कोण म्हणत नाही की कुस्ती विकली.

सहीची किल्ली दोघांकडं, पासवर्ड एकाच्या डोक्यात नाही. आणि बॅकअप दुसऱ्या गावात, हे अनुभवाचं बोलतोय, २०१९ च्या महापुरात आमचा बॅकअपचा डबा शाहूपुरीत एका दुकानाच्या तळमजल्यावर होता. पाणी उतरल्यावर उघडला तर आत चिखल. मेन सर्व्हर मुंबईच्या डेटासेंटरमधी म्हणून वाचलो. आता एक कॉपी पुण्यात आणि एक इचलकरंजीत तिसऱ्या मजल्यावर.

मालकी कुणाची हेबी लिहून काढा, अगदी अर्ध्या पानात. डोमेन कुणाचं, कुणाला काढायचं असेल तर किती जणांनी हो म्हणायचं. २०२५ च्या सप्टेंबरात रुबी भाषेच्या रेपोत, रुबीजेम्समधी, रुबी सेंट्रल ही संस्था आणि जुने मेंटेनर यांच्यात याच्यावरनंच मोठं वाजलं, जुन्या लोकांचे अधिकार काढले गेले आणि पुढं त्यांच्यातल्या काहींनी वेगळी चूल मांडली. कोण बरोबर यात मी पडत नाही. पॅकेज मागं घ्यायचा नियमबी याच अर्ध्या पानात घाला. २०१६ ला एनपीएमवरनं एकानं चिडून लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज काढलं आणि जगभरची बिल्डं पडली, नंतर एनपीएमला नियम बदलायला लागले. लेखकाचा हक्क किती आणि त्यावर अवलंबून असलेल्यांचा किती, हे भांडण व्हायच्या आधी शांत डोक्यानं ठरतं.

हिशेब लावा, आणि बंद कसं करायचं तेबी

दर तीन महिन्यांनी जमा-खर्च रेपोच्या पहिल्याच पानावर. दूध संस्थेच्या फळ्यावर लावतात तसा, आले किती, गेले किती, शिल्लक किती महिन्यांची. ही शेवटची ओळ मोठ्या अक्षरात. आमच्याकडं शिल्लक सहा महिन्यांच्या खाली गेली की पट्टी देणाऱ्यांना मेल जातो, तीनच्या खाली गेली की नाईटली बिल्डं बंद, दोनच्या खाली नवीन पॅकेज घेणं बंद. सुरक्षेचे अपडेट शेवटपर्यंत चालू. हा क्रम आधीच जाहीर असल्यामुळं त्या वेळी कुणी रुसत नाही, आणि खरं सांगायचं तर "दोन महिन्यांनी नवीन पॅकेज घेणार नाही" या एका ओळीनं जेवढी पट्टी वसूल झाली तेवढी कुठल्याच विनवणीनं झाली नव्हती.

आणि कधी खरंच बंद करायची वेळ आली, तर सहा महिने आधी सांगा. नंतर रेपो फक्त वाचण्यापुरता ठेवा, सगळ्या पॅकेजची एक कॉपी मिररवाल्या कॉलेजकडं आणि इंटरनेट आर्काइव्हवर चढवा, सहीची किल्ली रद्द केल्याचं जाहीर करा. डोमेन मात्र सोडू नका. रेपो बंद झाला तरी शेकडो मशीनच्या यादीत त्याचा पत्ता तसाच पडलेला असतो, आणि सुटलेलं डोमेन उद्या कुणीबी पाचशे-हजार रुपयात उचलून त्या पत्त्यावर काय पाहिजे ते ठेवू शकतो. शिल्लक राहिलेल्या पैशातनं पहिलं काम म्हणजे डोमेन एकदम दहा वर्षांचं भरून टाका, त्याच्यापेक्षा जास्त एका वेळी भरूनच घेत नाहीत.